पेट्रोलचा बंब

आमच्या गाडीला पेट्रोल गार करून लागतं, हे मी शेजारच्या गौरम्मांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी मला आत नेलं, पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं.

"वर्ष होत आलं अप्पांना जाऊन," त्या म्हणाल्या. "एकटं राहिलं की माणसाचं असं होतं. आज जेवायला इकडंच ये."

मी गेले. पेट्रोलबद्दलचं माझं म्हणणं खरं होतं, पण एकटं राहण्याबद्दलचं त्यांचं म्हणणंही काही खोटं नव्हतं.

गाडी माझ्या वडिलांची. अप्पा गिरणीत इंजिनिअर होते. मुंबईला शर्यतीत गाड्या पळवणाऱ्या एका गृहस्थाकडून त्यांनी ती घेतली. दोन दारांची, लाल. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण त्या गृहस्थानं आणि नंतर अप्पांनी केलेल्या सुधारणांमुळे मूळ कंपनीचं तिच्यात फारसं काही उरलेलं नव्हतं. तिला एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर होते. ती ताशी ऐंशी मैल जाते, असं अप्पा म्हणत. ते सिद्ध करता येईल असा रस्ता सोलापूर जिल्ह्यात नव्हता, त्यामुळे ते कधी खोटंही ठरलं नाही.

ही ऐंशी मैलांची गाडी मे महिन्यात मात्र तेरा मैल जायची. इंजिन तापलं की नळीतलं पेट्रोल वाटेतच उकळायचं, त्याची वाफ व्हायची. आणि वाफेवर आगगाडी चालते, मोटार चालत नाही. मग बॉनेट उघडायचं, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वीस मिनिटं बसायचं. अक्कलकोटच्या अलीकडं आमचा मळा आहे. तिकडं निघालो की वळसंगच्या अलीकडच्या एका कडुलिंबाखाली हा कार्यक्रम ठरलेला. शेजारी धनगरांचं खोपट होतं, तिथली चिमाबाई घागर घेऊन यायची. मी लायब्ररीतून जाड पुस्तक घेऊनच गाडीत बसायची. त्या लिंबाखाली माझ्या दोन-तीन रशियन कादंबऱ्या तरी वाचून झाल्या असतील. घरात दिवसाला तीन वाक्यं बोलणारे अप्पा तिथं फडकं पिळता पिळता पुष्कळ बोलत. मी पुस्तकातून डोकं न काढता "हं" म्हणायची.

तर, एप्रिलच्या सुरुवातीला मल्लप्पाकाका आले. अप्पांचे धाकटे भाऊ. मळा तेच बघतात. त्यांनी पागोटं काढून खुर्चीवर ठेवलं, म्हणजे मुद्द्याचं बोलायचं होतं.

"महादेवी, हितल्या शेडमध्ये मला पोती ठेवायची हायत. त्या गाडीला भंगारवाला बघून ठेवलाय."

"गाडी चालते, काका."

"चालती व्हय! दादा व्हते तोवर उन्हाळ्यात एकदा तरी सरळ मळ्यात पोचली का? बैलं बरी. बैलांचं पाणी तरी दिसतं, पितात ते."

"पोचेल," मी म्हणाले. का म्हणाले ते अजून सांगता येत नाही. लायब्ररीत वीस वर्षं मी शांततेच्या पाटीखाली बसून काढली आहेत. वाद घालायची मला सवय नाही.

"मे महिन्यात?"

"मे महिन्यात."

"टळटळीत दुपारी? न थांबता?"

"न थांबता."

काकांनी पागोटं पुन्हा घातलं. "मग दादांच्या पुण्यतिथीला घिऊन ये. बाराला घर सोडायचं, एकच्या आत मळ्यात. आलीस तर गाडी तुझी, शेड तुझी, परत नाव काढणार न्हाई. वाटेत थांबली तर भंगारवाला."

पुण्यतिथी अठरा मेला. आम्ही लिंगायत, आमच्यात दफन करतात. अप्पांची समाधी मळ्यातच, विहिरीच्या अंगाला आहे.

आता सगळी भिस्त होती ती एका कागदावर. अप्पांच्या वहीत एक आराखडा होता: 'पेट्रोल गार करण्याची पेटी'. पत्र्याचा एक डबा, त्यात तांब्याच्या नळीचे अकरा वेढे, भोवती बर्फ. पेट्रोलनं टाकीतून निघायचं, बर्फातून फिरायचं आणि गारेगार होऊन इंजिनात जायचं. मापं, सामानाची यादी, सगळं होतं. खाली लिहिलं होतं: 'काम दोन दिवसांचं. ११ एप्रिल १९६७.'

म्हणजे कागद नऊ वर्षांचा होता. याचं मला नवल वाटलं. अप्पा मनात आलेली वस्तू करून मोकळे होणारे. दूध उतू जायला लागलं की वाजणारी घंटा त्यांनी एका दुपारीत केली होती. दूध त्यानंतरही उतू जायचं, फक्त वाजतगाजत. मग ही पेटी का राहिली? विसरले असतील, असं मी धरून चालले.

तिप्पण्णा मिस्त्री अप्पांच्या वेळेपासून गाडीचं काम बघतात. त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"हे मला ठावं हाय, अक्का. अप्पांनी दोनदा दावलं हुतं. मी म्हनलं, आणा सामान, बसवू की. तर म्हनले, घाई काय हाय."

"घाई आता आहे," मी म्हणाले.

"मग नळी तांबटाकडनं करून आना. नळीचं काम तेंच्या हातचं."

इथून माझ्या प्रतिष्ठेच्या घसरणीला सुरुवात झाली.

मधल्या मारुतीजवळ कल्लप्पा तांबटांचं दुकान आहे. त्यांनी आराखड्यावर एकदाच नजर टाकली.

"बंब हाय की ह्यो."

"बंब नाही. पेटी आहे."

"मदी नळी, भवतीनं पानी. बंब."

"पाणी नाही, बर्फ. आणि नळीत विस्तव नाही, पेट्रोल."

कल्लप्पांनी माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. "पेट्रोलवर पानी तापवू नगा, अक्का. भुसा घाला. भुशावर लई झ्याक तापतं."

मी पहिल्यापासून समजावून सांगितलं. ते मान डोलवत राहिले. जाताना विचारलं, "कवा पायजे?" मी म्हणाले, अठरा मेला वडिलांची पुण्यतिथी आहे, त्याच्या आत. त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. सोलापुरात वडिलांचं नाव कुणीही कशासाठीही विचारतं, म्हणून मी सांगितलं.

आठ दिवसांनी गेले तेव्हा दुकानाच्या मधोमध लिंबानं घासून लखलखीत केलेला एक बुटका बंब उभा होता. तीन पाय, पोटाला राख काढायचं दार, बाजूला पितळी तोटी. आत मात्र अकरा वेढ्यांची नळी, आराखड्याबरहुकूम, केसाचाही फरक नाही. बंबाच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं: 'लिंगैक्य सिद्धलिंगप्पा यांच्या पुण्यस्मरणार्थ'.

"हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पुन्यतिथीचं भांडं बिननावाचं कसं जाईल? वाटायचं न्हवं?"

"नाही. गाडीत बसवायचंय."

कल्लप्पांच्या मनात माझी गाडी, बंब आणि मी, यांचं काहीतरी चित्र जमत होतं आणि मोडत होतं. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "गाडीत आंगूळ?"

नवीन करून घ्यायला वेळ नव्हता. मी बंब टांग्यात घातला. झाकण बसत नव्हतं, म्हणून नळी वरून दिसत होती. चौकात एका जमादारांनी टांगा थांबवला.

"काय आहे हे?"

"पेट्रोल गार करायची पेटी."

त्यांनी आत बोट घालून वेढे मोजले. "बाई, ही नळी मला नका शिकवू. आठवड्याला दोन फोडतो मी असल्या. हातभट्टी आहे ही." मग त्यांची नजर अक्षरांवर गेली. ते एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागले, भोवती जमलेली माणसं ऐकू लागली. वाचून झाल्यावर त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा घातली. "सत्तावीस वर्षं नोकरी झाली. भट्टीवर 'पुण्यस्मरणार्थ' पहिल्यांदा वाचतोय."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "लायब्ररीतल्या बाई न्हवं ह्या?" आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "वरनं किती गरीब दिसत्यात."

चौकीवर मी फौजदारांसमोर अप्पांची वही उघडली. त्यांनी आराखडा शांतपणे वाचला, पुन्हा वाचला, आणि जमादारांना बाहेर उभं राहायला सांगितलं. मग ते पुढं झुकले. "बाई, आमची जीपसुद्धा अशीच बंद पडते हो. एक प्रत काढून घेऊ?" त्यांनी माझ्यासमोर बसून पट्टीनं आखून प्रत काढली. वेढे अकराऐवजी दहा काढले. मी चूक दाखवली. एवढ्या दिवसांत अप्पांचं काही मनापासून वाचणारा तो पहिला माणूस, म्हणून मला त्यांचा राग धरता आला नाही.

जाताना मात्र त्यांनी आठवण दिली, की गाडीत फेरफार केला तर तो नोंदवावा लागतो. दिवस आणीबाणीचे होते. जे जे नोंदवता येईल ते नोंदवलेलं बरं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मी वाहनांच्या कचेरीत गेले. कारकून साडेदहाच्या ठोक्याला जागेवर होते. त्यांच्या डोक्यावर नवी पाटी होती: 'कमी बोला, जास्त काम करा'. पाटीचा पहिला भाग त्यांनी मनावर घेतलेला होता.

"काय?"

"गाडीत थंड करायची पेटी बसवायची आहे."

"मासे का दूध?"

"पेट्रोल."

त्यांनी जाड पुस्तक चाळलं. थंडाव्याची सोय असलेलं वाहन म्हणजे मालवाहतूक. मालवाहतुकीचं वाहन दोन दारांचं चालतं, पण लाल रंगाचं दुसरं काही असू शकतं का, याबद्दल त्यांना शंका होती. लाल म्हणजे आगीचा बंब. 'बंब' हा शब्द ऐकल्यावर मी आराखड्याची वही असलेल्या माझ्या पिशवीवर हात ठेवला.

"मालकांची सही लागेल."

"मालक वारले."

"कधी?"

"गेल्या मे महिन्यात."

"मग त्याआधी अर्ज करायचा."

त्या खोलीत उभ्या उभ्या पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की खरंच, त्याआधी करायला हवे होते असे माझे पुष्कळ अर्ज राहून गेले होते.

कारकुनांनी मान वर केली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पाटी मोडून चक्क सहा-सात वाक्यं बोलले. "हे बघा बाई. बसवू नका. ठेवा. बोल्टानं बसवलं तर फेरफार. पट्ट्यानं बांधलं तर सामान. सामानाला परवानगी लागत नाही. वळकटी बांधता की नाही? तसं. या आता."

म्हणून तिप्पण्णांनी राखेचं दार झाळून बंद केलं, पाय कापले आणि बंब इंजिनाच्या बाजूला अप्पांच्या वळकटीच्या चामडी पट्ट्यांनी आवळला. टाकीकडून इंजिनाकडं जाणारी नळी मधे तोडली आणि तिची टोकं रबराच्या तुकड्यांनी बंबातल्या वेढ्यांना जोडली. तोटी राहू दिली. "वितळलेलं पानी सोडायला बरी," ते म्हणाले. "कल्लप्पाचं डोकं हाय, अक्का. वाया जात न्हाई."

गल्लीत ही बातमी आधीच पोचली होती. कुणी बर्फात मीठ घाला म्हणालं, कुणी वाळा. माझ्यासारख्या बाईनं उन्हातान्हात एकटीनं गाडी न्यावी का, हा प्रश्न मला सोडून सगळ्यांना विचारला गेला. अठराच्या सकाळी बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी आणली, फोडून बंबात भरली, तर गौरम्मा ताकाचा तांब्या घेऊन हजर. तोंड केळीच्या पानानं बांधलेलं.

"एवढा बर्फ आहेच तर कडेला राहू दे. मळ्यात पोचल्यावर घे. अप्पांना आवडायचं माझ्या हातचं."

मी तांब्या बर्फात रोवला. जाड पुस्तक सवयीनं शेजारच्या सीटवर ठेवलं. बाराला गाडी सुरू केली.

गाडी कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ती नुसती गेली. कुंभारी गेली. डांबर मऊ झालं होतं, चाकांचा चिकट आवाज येत होता, आणि पुढं बॉनेटखाली बर्फाचे तुकडे तांब्यावर किणकिणत होते. इंजिनाला एकदाही उचकी लागली नाही. तेरावा मैल आला. लिंब दिसला. लाल गाडी लांबून पाहून चिमाबाई नेहमीसारखी घागर घेऊन रस्त्याकडं पळत येत होती. मला ती आठवलीच नव्हती. मी थांबले नाही. थांबता येत नव्हतं. आरशात ती घागर कमरेवर घेऊन उभी राहिलेली दिसली, मग लहान झाली.

मळ्यात पोचले तेव्हा बारा एक्केचाळीस झाले होते. काका फाटकाशी घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांनी बॉनेटला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला.

"पोचली म्हणायची."

"हो."

"बरं. शेडची किल्ली तुझ्याकडंच राहू दे." शब्दाला पक्के आहेत ते. "चल, जेवून घे. गव्हाची हुग्गी गार व्हायलीय."

एवढंच. पंगतीत पावसाचं बोलणं निघालं, कुणाच्या तरी सोयरिकीचं निघालं. गाडीचं कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं तरी काय? गाड्या येतातच. जेवण झाल्यावर मी विहिरीकडं गेले आणि समाधीपाशी उभी राहून "एक्केचाळीस मिनिटं" असं म्हणाले. कुणालातरी सांगायला हवं होतं.

चार वाजता परत निघाले. लिंबाशी आल्यावर पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी उत्तम चालत होती. बॉनेट उघडलं, कारण त्या झाडाखाली बॉनेट न उघडता कसं बसायचं ते मला माहीत नव्हतं.

चिमाबाई आली, पण घागर न घेता. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दुपारी लई घाईत हुता जनू. म्या पानी घिऊन आले तर भर्रकन ग्येला."

"चुकलं. थांबता येत नव्हतं."

"आन् आता? बंद पडली?"

"हो," मी म्हणाले. एवढं बिनकामाचं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

तिनं इंजिनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हसायला लागली. "बापाचीच लेक हाय."

"म्हणजे?"

"अप्पांची बी अशीच बंद पडायची की. उन्हाळ्यात पडायची ती पडायची. पर पुसाच्या म्हैन्यात? आमी हितं शेकोटी करून बसायचो आन् हे बानट उघडून फडकं भिजवायला पानी मागायचे. म्या एकदा इचारलं, अप्पा, येवढ्या गारठ्यात गाडी कशानं तापली वं? तर असं केलं." तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी लिंबाच्या बुंध्याकडं खूण केली. "तुमी तितं पुस्तक वाचत बसला हुता."

मी बुंध्याकडं पाहिलं.

"एकटं असलं की न्हाई हां थांबायचे. लांबनंच हात करून जायाचे. तुमी संगं असला की मंग बंद पडायची."

अप्पांनी ती पेटी आठ वर्षं तशीच राहू दिली होती. काम दोन दिवसांचं. थंडीत गाडी थांबायची ते मलाही आठवत होतं. पण मी कधी हवा कशी आहे ते पाहिलं नव्हतं, मी पान कितवं ते पाहत होते. ते काय काय बोलले त्यातलं आठवू लागले, तर गिरणीतल्या एका पट्ट्याची गोष्ट अर्धी आठवली, आईबद्दलचं एक वाक्य सुरुवातीपर्यंत आठवलं. पुढं माझं "हं" होतं.

ताकाचा तांब्या बंबातच राहिला होता. बर्फाचं पाणी झालं होतं, पण हात घातला तर अजून गार. आम्ही दोघी बुंध्याला टेकून ताक प्यायलो. चिमाबाईनं तांब्या गालाला लावून पाहिला. मग उठून बंबावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"काय लिवलंय?"

"नाव आहे."

"अप्पांचं?"

"हो."

"मंग हितं ऱ्हाऊ द्या की. म्या पानी भरून ठिवीन. येनारा-जानारा पिईल. गाडीत कोन वाचनार हाय?"

कल्लप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वाटायचं न्हवं? मी पट्टे सोडले. नळी काढली, रबराचे तुकडे एकमेकांना जोडले, त्याला दहा मिनिटं लागली. नळी जाण्यासाठी पाडलेली भोकं चिमाबाईनं लाकडाच्या खुंट्या ठोकून आणि मेण लावून बुजवली. बंब लिंबाच्या बुंध्याशी तीन दगडांवर चढला. तोटी रस्त्याकडं केली. तिप्पण्णांचं म्हणणं खरं होतं, वाया गेली नाही.

गाडी अर्थातच कुंभारीच्या अलीकडं बंद पडली. खरोखरची. मी बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं टाकलं आणि बांधावर बसले. सायकलवरून जाणारे एक मास्तर थांबले.

"काय झालं बाई? काही मदत?"

"काही नको," मी म्हणाले. "वीस मिनिटांत होईल."

ते गेले. वीस मिनिटं झाली, फडकं वाळलं. पुस्तक सीटवरच होतं. मी बॉनेट तसंच ठेवलं. ते उघडं असलं की रस्त्याकडेला एकट्या बसलेल्या बाईला का बसलीस, असं कुणी विचारत नाही.